‘त्यागभूमी’चे दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते व्यंकोजीराजांचे घराणे, सरफोजीराजांची विद्याव्यासंगी मूर्ती आणि ग्रंथांनी भरलेला सरस्वती महाल. कावेरीच्या मुखाकडील त्या सुपीक प्रदेशाशी मराठी भाषेचे नाते पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ राज्यकर्त्याचे होते. परंतु त्या भूमीचे खरे जीवन तिथल्या गावोगावच्या अग्रहारांत, देवळांत आणि शेतमळ्यांत चालत होते, आणि ते तमिळ होते. वेदपठण, कर्नाटक संगीत, हरिकथा, भरतनाट्याची परंपरा यांनी संपन्न असलेले हे जीवन तितकेच कर्मठही होते. विधवेचे केशवपन, बालाविवाह, शिवाशिव आणि जातिबहिष्कार यांची पकड तिथे विसाव्या शतकातही सैल झालेली नव्हती. अशा वातावरणात जन्मलेल्या एका वकिलाने चित्रपटासारखे त्या काळी हलके मानले गेलेले माध्यम हाती घेतले आणि आपल्याच समाजापुढे आरसा धरला. त्याची किंमतही त्याने मोजली. तमिळ चित्रपटाच्या पहिल्या पिढीतील त्या दिग्दर्शकाचे नाव कृष्णस्वामी सुब्रह्मण्यम.

सुब्रह्मण्यम यांचा जन्म २० एप्रिल १९०४ रोजी तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावी झाला. तंजावर आणि कुंभकोणम या दोन विद्याकेंद्रांच्या मधल्या वाटेवरचे हे गाव. वडील कृष्णस्वामी अय्यर वकिली करीत. मुलानेही तोच व्यवसाय करावा हे ओघानेच आले. सुब्रह्मण्यम यांनी कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि काही काळ वकिली केलीही. पण त्यांचे मन नाटक, संगीत आणि कथाकथन यांत गुंतलेले होते. फौजदारी न्यायालयात मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडते त्याचा उपयोग त्यांना पुढे झाला असावा, असे त्यांच्या चित्रपटांतील न्यायालयाचे व सामाजिक न्यायनिवाड्याचे प्रसंग पाहता वाटते. मात्र अशिलांच्या कागदपत्रांत त्यांचा जीव रमला नाही.

तमिळ चित्रपट त्या वेळी पाळण्यातच होता. मद्रासेत मूकपट निघत होते, पण त्यांचा व्याप लहान होता. मुंबईच्या मूकपटांत नट म्हणून नाव मिळवलेले राजा सँडो हे मद्रासला येऊन चित्रपट दिग्दर्शित करू लागले. त्यांच्या ‘पेयुम पेण्णुम’ (१९३०) या मूकपटाच्या पटकथेच्या कामात सुब्रह्मण्यम शिरले आणि तिथेच त्यांची उमेदवारी सुरू झाली. मुंबईत तयार झालेल्या कसबी माणसाच्या हाताखाली या तंजावरी वकिलाने चित्रपटाची बाराखडी गिरवली.

लवकरच बोलपट आला. १९३१ साली ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट निघाला, तोही मुंबईत. ध्वनिमुद्रणाची सोय दक्षिणेत नव्हती. म्हणून तमिळ नटनट्यांचे तांडे वाद्यांसह आणि स्वयंपाक्यांसह मुंबईला, कोल्हापूरला, पुण्याला, कलकत्त्याला जात आणि महिनोन्‌महिने तिथे मुक्काम ठोकून चित्रपट पुरा करून परतत. आपल्या ‘प्रभात’ने बाबुराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता कल्याणम’ (१९३४) हा तमिळ चित्रपट काढला, तो याच काळात. त्याचे संगीत पापनाशम शिवन यांचे होते. सुब्रह्मण्यम यांच्या गावाचे नाव आपल्या नावापुढे लावणारे हे थोर वाग्गेयकार पुढे त्यांचे जन्माचे सहकारी झाले. चित्रपटसृष्टीतील त्यांचे पहिले पाऊल मराठी संस्थेच्या अंगणात पडले, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९३४ सालीच सुब्रह्मण्यम स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून पुढे आले. ‘पवळक्कोडी’ नावाचे एक संगीत नाटक तेव्हा तमिळनाडूत गाजत होते. अर्जुनाच्या लोककथेवर आधारलेल्या त्या नाटकातील नायक एम. के. त्यागराज भागवतर आणि नायिका एस. डी. सुब्बुलक्ष्मी या दोघांनाही सुब्रह्मण्यम यांनी पडद्यावर आणले. मद्रासच्या अडयार भागात उघड्या जागेत, सूर्यप्रकाशात चित्रण चालत असे. आकाशात ढग आले की काम थांबायचे. उष्ट्या पत्रावळींवर जमणाऱ्या कावळ्यांची कावकाव ध्वनियंत्रात उतरू नये म्हणून त्यांना पिटाळण्यासाठी खास माणूस ठेवावा लागला, ही कथा तमिळ चित्रपटसृष्टीत अजून आवडीने सांगितली जाते. चित्रपटात गाणी पन्नासच्या घरात होती. आपल्याकडे बालगंधर्वांच्या नाटकाला रसिक जसे पदांसाठी जात, तसेच हे होते. भागवतर एका चित्रपटाने लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले आणि तमिळ पडद्याचे पहिले मोठे गायक-नट ठरले.

‘पवळक्कोडी’ने सुब्रह्मण्यम यांच्या खाजगी आयुष्यालाही वळण दिले. त्यांची पत्नी मीनाक्षी ही संगीताची जाणकार आणि पदरचना करणारी गृहिणी होती. पहिली पत्नी असतानाच त्यांनी एस. डी. सुब्बुलक्ष्मींशी विवाह केला. त्या काळी कायद्याची त्याला आडकाठी नव्हती. पण ज्या दिग्दर्शकाने पुढे स्त्रीच्या दुःखाला पडद्यावर वाचा फोडली, त्याच्या चरित्रातील ही विसंगती झाकून ठेवण्याचे कारण नाही. सुब्बुलक्ष्मी त्यांच्या चित्रपटांच्या नायिका तर झाल्याच, शिवाय त्यांनी उभ्या केलेल्या ‘मद्रास युनायटेड आर्टिस्ट्‌स कॉर्पोरेशन’ या संस्थेचा आधारही झाल्या.

सुरुवातीची दोन-तीन वर्षे पौराणिक कथांत गेली. ‘नवीन सारंगधर’ आणि ‘भक्त कुचेला’ हे चित्रपट १९३६ चे. ‘भक्त कुचेला’त पापनाशम शिवन सुदाम्याच्या भूमिकेत होते आणि सुब्बुलक्ष्मींनी सुदाम्याची पत्नी व श्रीकृष्ण अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. चित्रपट चालले, पैसा आला, नाव झाले. दुसऱ्या एखाद्याने याच मळलेल्या वाटेवरून आयुष्यभर प्रवास केला असता. सुब्रह्मण्यम यांनी मात्र हाती आलेले यश पणाला लावायचे ठरवले.

१९३७ साली ‘बालयोगिनी’ आला. आपल्या माणसांनी टाकलेली एक ब्राह्मण विधवा आणि एक लहान मुलगी यांना आसरा मिळतो तो खालच्या मानलेल्या जातीच्या गड्याच्या झोपडीत. पुढे तो गडी मरतो आणि त्याची पोरकी मुले ती विधवा आपली म्हणून वाढवते. धर्म बुडाला म्हणून सनातन्यांचा जमाव चवताळून उठतो आणि घराला आग लावतो. त्या जमावापुढे निर्भयपणे उभी राहून जातिभेदाचा पोकळपणा दाखवते ती एक लहान पोर. ही भूमिका सुब्रह्मण्यम यांची पुतणी बेबी सरोजा हिने केली. या मुलीने तमिळ प्रेक्षकांना असे वेड लावले की त्या वर्षांत जन्मलेल्या असंख्य मुलींची नावे सरोजा ठेवली गेली.

कथा धीट होती, पण सुब्रह्मण्यम यांनी त्याहून धीट गोष्ट केली. विधवेच्या भूमिकेसाठी त्यांनी प्रत्यक्ष जीवनातील ब्राह्मण विधवेलाच पडद्यावर उभे केले. सोवळ्या स्त्रीचे दर्शन अशुभ मानणाऱ्या समाजात, नाटक-चित्रपटाची पायरी चढणे म्हणजे कुलीनतेला मुकणे अशी समजूत असताना, हे पाऊल उचलणे म्हणजे आगीत हात घालणे होते. परिणाम व्हायचा तो झालाच. तंजावर भागातील कर्मठ ब्राह्मणांनी सभा भरवून सुब्रह्मण्यम यांना बहिष्कृत केले. बहिष्काराचा अर्थ शहरात राहणाऱ्या आजच्या वाचकाला कदाचित पुरता कळणार नाही. लग्नकार्य, श्राद्धपक्ष, पंगत, पुरोहित या साऱ्या वाटा बंद होणे असा तो अर्थ होता. पापनाशमच्या वकिलाच्या मुलाला स्वतःच्याच मुलखात परका ठरवले गेले. सुब्रह्मण्यम यांनी माफी मागितली नाही आणि प्रायश्चित्तही घेतले नाही. ते पुढच्या चित्रपटाच्या तयारीला लागले.

आपल्याकडे याच सुमारास काय घडत होते हे आठवले म्हणजे या धडपडीचे मोल ध्यानी येते. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या एकनाथांवर ‘प्रभात’ने काढलेल्या ‘महात्मा’ या चित्रपटाचे नाव परिनिरीक्षकांच्या आग्रहाने बदलून ‘धर्मात्मा’ (१९३५) करावे लागले होते. वृद्ध पतीचा हक्क नाकारणारी ‘कुंकू’तील नीरा १९३७ साली मराठी पडद्यावर आली. पुणे आणि मद्रास या दोन शहरांतील कलावंत एकाच काळात, एकाच प्रश्नांना, आपापल्या भाषेत भिडत होते. फरक एवढाच की मराठीत सामाजिक सुधारणेच्या चळवळीची दीर्घ पूर्वपीठिका या कलावंतांच्या पाठीशी होती. तंजावरच्या अग्रहारातून आलेल्या सुब्रह्मण्यम यांना ती वाट बरीचशी एकट्याने चालावी लागली.

त्यानंतरचा ‘सेवासदनम’ (१९३८) हा प्रेमचंदांच्या कादंबरीवर आधारलेला होता. सेवासदन हे नाव मराठी वाचकांना रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील संस्थेमुळे परिचित आहे. प्रेमचंदांच्या कादंबरीतील सेवासदनही स्त्रियांना आधार देणारे घर आहे. हुंड्याअभावी वयस्क पुरुषाशी बांधली गेलेली तरुण स्त्री, पतीच्या संशयाने घराबाहेर लोटली जाते, नाइलाजाने कलावंतिणीच्या वस्तीत येते आणि अखेरीस तशाच निराधार मुलींची माउली होते, असा कथेचा ओघ आहे. या नायिकेच्या भूमिकेत सुब्रह्मण्यम यांनी एम. एस. सुब्बुलक्ष्मी या एकवीस वर्षांच्या गायिकेला प्रथम पडद्यावर आणले. मदुराईची ही मुलगी मैफलींत तेव्हाच नावारूपाला आली होती, पण ज्या स्वराने पुढे सारा भारत भारून टाकला त्याला चित्रपटाद्वारे घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय या दिग्दर्शकाकडे जाते. वयस्क पतीची भूमिका एफ. जी. नटेश अय्यर यांनी केली. हिंदी कादंबरी तमिळमध्ये आणताना सुब्रह्मण्यम यांनी ती काशीतून उचलून तमिळ घराच्या ओसरीवर ठेवली. कथा परकी आहे असे म्हणून प्रेक्षकाला निसटून जाता येऊ नये, अशीच ही मांडणी होती.

या साऱ्याचा कळस म्हणजे १९३९ चा ‘त्यागभूमी’. तमिळ वाचनसंस्कृतीच्या इतिहासातही या चित्रपटाला वेगळे स्थान आहे. ‘आनंद विकटन’ हे त्या काळचे सर्वाधिक वाचले जाणारे तमिळ साप्ताहिक होते. एस. एस. वासन त्याचे मालक आणि ‘कल्कि’ या टोपणनावाने लिहिणारे आर. कृष्णमूर्ती त्याचे संपादक. कल्कि हे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, विलक्षण वाचकप्रिय लेखक होते. त्यांनी ‘त्यागभूमी’ची कथा लिहायला घेतली आणि ती साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होत असतानाच सुब्रह्मण्यम तिचे चित्रण करीत होते. कादंबरीच्या प्रकरणांबरोबर चित्रे छापली जात ती चित्रकाराने काढलेली नसत, तर तयार होत असलेल्या चित्रपटातील छायाचित्रे असत. त्यामुळे वाचक दर आठवड्याला कथा वाचत होता, पात्रांचे चेहरे ओळखत होता आणि चित्रपटगृहाचे दार उघडण्याची वाट पाहत होता. छापील अक्षर आणि पडदा यांची अशी जोड आपल्या देशात क्वचितच कोणी घातली असेल.

कथेचा नायक शंभू शास्त्री हा नेडुंगरै गावचा सत्त्वशील ब्राह्मण आहे. वादळाने बेघर झालेल्या हरिजनांना तो आपल्या वाड्यात आसरा देतो आणि गाव त्याला वाळीत टाकते. त्याची मुलगी सावित्री ही साहेबी वळणाच्या श्रीधरनला दिलेली असते. नवरा आणि सासू तिचा छळ करतात आणि गरोदरपणी तिला घराबाहेर काढतात. वडिलांच्या शोधात मद्रासला आलेली सावित्री बाळंत होते आणि दारिद्र्याने हतबल होऊन पोर वडिलांजवळ सोडून निघून जाते. शास्त्री त्या नातीला, चारूला, हरिजनांच्या वस्तीत राहून, सूत कातीत, सेवा करीत वाढवतात. कित्येक वर्षांनी सावित्री परतते ती वारशाने लाभलेल्या संपत्तीची मालकीण उमाराणी म्हणून. आता तिचा नवरा तिच्यावर हक्क सांगत न्यायालयात जातो. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना करून मिळावी, असा त्याचा दावा आहे.

इथे मराठी वाचकाला डॉ. रखमाबाईंची आठवण झाल्याविना राहणार नाही. १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत गाजलेल्या त्या खटल्यात नकळत्या वयात लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे रखमाबाईंनी पत्करले होते. अर्ध्या शतकानंतर तमिळ पडद्यावरील सावित्री तोच नकार उच्चारते, पण त्यात एक विलक्षण उलटापालट करते. पोटगी बायकोने मागायची आणि नवऱ्याने द्यायची, हा जगाचा शिरस्ता. सावित्री मात्र भर न्यायालयात सांगते की ती नवऱ्याबरोबर राहणार नाही, हवी तर त्याला पोटगी देईल. निकाल तिच्या विरुद्ध जातो तरी ती सासरी परतत नाही. ती राष्ट्रीय चळवळीत उतरते. पुढे नवऱ्याचेही मतपरिवर्तन होते आणि तोही त्याच वाटेला लागतो. कायद्याने जोडलेले नाते टिकत नाही, पण समान ध्येयाने जोडलेले टिकू शकते, असा या शेवटाचा अर्थ लावता येईल. वकिली सोडलेल्या दिग्दर्शकाने आपल्या कारकिर्दीतील सर्वांत प्रभावी प्रसंग न्यायालयातच घडवावा, हा योगायोग नव्हे.

शंभू शास्त्रींच्या भूमिकेत पापनाशम शिवन होते, सावित्री एस. डी. सुब्बुलक्ष्मी, श्रीधरन के. जे. महादेवन आणि चारू अर्थातच बेबी सरोजा. डी. के. पट्टम्माळ या विदुषीने गायिलेले देशसेवेचे गीत सभा-मिरवणुकांतून लोकांच्या तोंडी बसले. गांधीजींची सूत कातण्याची प्रत्यक्ष चित्रफीतही चित्रपटात गुंफलेली होती. चित्रपट २० मे १९३९ रोजी प्रदर्शित झाला. मद्रास प्रांतात तेव्हा राजाजींचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. पुढे अवघ्या सात आठवड्यांत, ८ जुलै १९३९ रोजी, मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात हरिजनांनी प्रवेश केला. पडद्यावरचा प्रश्न रस्त्यावरचाही होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९४७ साली.

पण काळाचे चक्र फिरले. महायुद्ध सुरू झाले, १९३९ च्या ऑक्टोबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. काँग्रेसच्या राजवटीत निर्वेध चाललेला हा चित्रपट आता राजद्रोही दिसू लागला आणि १९४० साली सरकारने त्याच्यावर बंदी घातली. बंदीची चाहूल लागताच सुब्रह्मण्यम आणि चित्रपटाचे वितरक वासन यांनी मद्रासच्या ‘गेइटी’ चित्रपटगृहात त्याचे विनामूल्य खेळ लावले. लोकांच्या झुंडी लोटल्या. अखेर पोलीस चित्रपटगृहात शिरले आणि प्रेक्षकांवर लाठ्या चालल्या. तिकिटाचा पैसा बुडाला तरी चालेल, पण शक्य तितक्या लोकांनी चित्रपट पाहिला पाहिजे, हा विचार व्यापाऱ्याचा नव्हे.

तीन वर्षांत सुब्रह्मण्यम यांनी दोन सत्तांचा रोष ओढवून घेतला होता. ‘बालयोगिनी’साठी जातीने बहिष्कार घातला, ‘त्यागभूमी’साठी सरकारने बंदी घातली. त्यात आर्थिक आघाताची भर पडली. मद्रासच्या माउंट रोडवर त्यांनी ‘मोशन पिक्चर प्रोड्यूसर्स कंबाइन’ या नावाने चित्रपटनिर्मितीचे स्टुडिओगृह चालवले होते. ते आगीत जळाले आणि पुढे लिलावात निघाले. सुमारे ८६ हजार रुपयांना ते घेतले एस. एस. वासन यांनी, आणि त्याच जागी ‘जेमिनी’ हा दक्षिणेतील सुप्रसिद्ध स्टुडिओ उभा राहिला. ‘त्यागभूमी’त खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या उत्कर्षाचा पाया दुसऱ्याच्या राखेवर घातला गेला. यात कोणाचा दोष नव्हता. पण येथून पुढे वासन यांचा आलेख चढत गेला आणि सुब्रह्मण्यम यांचा उतरत गेला, ही वस्तुस्थिती आहे.

त्यांचे काम थांबले मात्र नाही. चांभार भक्ताची कथा सांगणारा ‘भक्त चेता’ (१९४०) पौराणिक आवरणाखाली अस्पृश्यतेचाच प्रश्न मांडत होता. भूमिका पुन्हा पापनाशम शिवन यांची. १९४१ सालच्या ‘कच देवयानी’ने टी. आर. राजकुमारी ही अभिनेत्री तमिळ रसिकांच्या गळ्यातील ताईत बनली. त्याच वर्षी त्यांनी मल्याळम भाषेत ‘प्रल्हाद’ दिग्दर्शित केला. त्या भाषेत तोवर मोजकेच बोलपट निघाले होते. युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई होती, चित्रपटाच्या लांबीवर सरकारी मर्यादा होती आणि निर्मात्यांवर युद्धकार्याला पोषक चित्रपट काढण्याचे बंधन आले होते. ज्या सरकारने ‘त्यागभूमी’ बंद पाडला त्याच सरकारच्या युद्धप्रयत्नांना साह्य करणारा ‘मानसंरक्षणम’ (१९४५) सुब्रह्मण्यम यांना काढावा लागला. टीकाकारांना ही शरणागती वाटेल. परंतु पदरी माणसे आणि डोक्यावर कर्ज असलेल्या निर्मात्यापुढे तेव्हा पर्याय फार थोडे होते, हेही न्यायबुद्धीने ध्यानात घेतले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर तमिळ चित्रपटाची धाटणी पालटली. द्रविड चळवळीतून आलेले लेखक झणझणीत संवादांनी पडदा गाजवू लागले. जातिभेदावर आणि धर्माच्या ढोंगावर आता अधिक कठोर प्रहार होऊ लागले, आणि गांधीवादी सुधारकाचा सौम्य सूर मागे पडला. सुब्रह्मण्यम अधूनमधून चित्रपट करीत राहिले. १९५९ चा ‘पांडित्तेवन’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. पण त्यांची शक्ती एव्हाना दुसऱ्या कामाकडे वळली होती. ते काम होते संस्था उभारण्याचे.

चित्रपटाचा धंदा विस्कळीत आणि बदनाम असताना त्याला संघटित रूप देण्याची गरज त्यांनी फार लवकर ओळखली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासेत ‘दक्षिण भारतीय चित्रपट वाणिज्य मंडळ’ स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. काँग्रेसचे नेते एस. सत्यमूर्ती यांना या मंडळाचे पहिले अध्यक्षपद देण्यात आले, कारण राजकीय पुढाऱ्यांपैकी चित्रपटाचे महत्त्व जाणणारे असे तेच होते. १९५२ साली नटनट्यांची संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीतही सुब्रह्मण्यम होते. १९४२ मध्ये त्यांनी ‘नृत्योदय’ ही नृत्यशिक्षण देणारी संस्था सुरू केली. देवदासी प्रथेशी जोडलेले म्हणून भल्या घरांत निषिद्ध मानले गेलेले नृत्य तेव्हा नुकतेच नवी प्रतिष्ठा मिळवू लागले होते. त्यांची कन्या पद्मा सुब्रह्मण्यम हिने याच संस्थेतून पुढे येऊन नर्तकी म्हणून कीर्ती मिळवली आणि नाट्यशास्त्रातील करणांवर मूलगामी संशोधन केले. २०२४ साली तिला पद्मविभूषण देण्यात आले. पुत्र एस. कृष्णस्वामी अनुबोधपटांचे निर्माते झाले आणि एरिक बार्नो या अमेरिकन अभ्यासकासह त्यांनी १९६३ साली भारतीय चित्रपटाचा साधार इतिहास इंग्रजीत लिहिला. वडिलांनी घडवलेल्या काळाची नोंद मुलाने ग्रंथरूपाने ठेवावी, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

७ एप्रिल १९७१ रोजी सुब्रह्मण्यम यांचे निधन झाले. सदुसष्ट वर्षे पुरी व्हायला काही दिवसच उरले होते.

त्यांच्या कलेचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या चित्रपटांवर रंगभूमीची छाप होती. गाण्यांची रेलचेल होती, योगायोगांवर भिस्त होती आणि कथा पुष्कळदा अश्रूंच्या वाटेने जाई. त्यांच्या चित्रपटांतील हरिजन हे बहुधा उच्चवर्णीय सज्जनाच्या करुणेचे पात्र म्हणून येतात, स्वतःच्या हक्कासाठी उठलेला माणूस म्हणून नव्हे. डॉ. आंबेडकरांच्या विचारांवर वाढलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. पण त्याबरोबरच हेही खरे की सुब्रह्मण्यम दुसऱ्यांना उपदेश करीत नव्हते. त्यांनी आपल्याच जातीच्या, आपल्याच मुलखातील, आपल्याच घरांसारख्या घरांतील अन्यायाकडे बोट दाखवले. परक्यावर टीका करण्याला फारसे धैर्य लागत नाही. ज्या पंगतीत आपले पान मांडलेले असते, त्या पंगतीला प्रश्न विचारणे कठीण असते. सुब्रह्मण्यम यांनी तो प्रश्न विचारला आणि त्यांचे पान उचलले गेले. त्यांचे मोठेपण मोजायचे ते याच मापाने.

या धैर्याची साक्ष देणारे पुरावे आज फार थोडे उरले आहेत. ‘बालयोगिनी’ आणि ‘सेवासदनम’ हे दोन्ही चित्रपट काळाच्या उदरात गडप झाल्याचे मानले जाते. नायट्रेटच्या फिती जळतात, दमट हवेत कुजतात, नाही तर चांदीसाठी वितळवल्या जातात. त्या काळच्या बहुतेक दक्षिणी चित्रपटांची हीच गत झाली. ‘त्यागभूमी’ मात्र वाचला. जातीच्या मुखंडांनी ज्याला वाळीत टाकले आणि परक्या सरकारने ज्याच्यावर लाठी चालवली, त्या दिग्दर्शकाच्या या चित्रपटाची प्रत जतन झाली ती पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी मोडी कागद सांभाळले गेले आणि पुण्याच्या संग्रहात तंजावरच्या माणसाचा तमिळ चित्रपट सांभाळला गेला, अशी ही परतफेड आहे. सत्ता बदलते, बहिष्कार विरतात, बंद्या उठतात. अखेरीस उरते ते कोणी तरी जपून ठेवलेले. सुब्रह्मण्यम यांनी पणाला लावले होते ते सारे काही उरले नाही, पण जे उरले आहे त्यावरून त्या माणसाची उंची आजही कळू शकते.